काचेच्या फुलदाणीचं मूळ गाव कसं ओळखायचं?

सांगली, मिरज, तासगाव, वाई, सातारा. या पट्ट्यातल्या जुन्या घरांत दिवाणखान्यातलं काचेचं कपाट उघडलं की वरच्या खणात एखादा रंगीत फ्लॉवरपॉट बहुतेक वेळा निघतोच. तो पणजोबांनी मुंबईहून आणलेला असतो, आहेरात आलेला असतो किंवा युरोपच्या सहलीहून काका-काकूंनी स्वेटरमध्ये गुंडाळून आणलेला असतो. कुठला आहे म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘बेल्जियमचा’. फार तर ‘इटालियन’.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत हा प्रश्न अनेक घरांत नव्याने उभा राहिला. कपाटं पाण्याखाली गेली. लाकूड फुगलं, फोटो गेले, कागद गेले. काच मात्र गाळातून धुऊन काढली की जशीच्या तशी. गेलं ते तिच्या बुडाला चिकटलेलं कागदी लेबल, तिचं खोकं आणि एखादी जुनी पावती. म्हणजे वस्तू उरली आणि तिची ओळख सांगणारे कागद वाहून गेले.

अशा वेळी ओळख पटवायची कशी, हे इथे शक्य तितकं सोपं करून सांगतो. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी काच वाचावी, मग ती कशी घडवली ते वाचावं, मग तिची झीज पाहावी आणि सही किंवा लेबल अगदी शेवटी. बहुतेक लोक उलट्या दिशेने जातात. बुडावर नाव शोधतात, नाव मिळालं की थांबतात आणि तिथेच फसतात. नाव नंतर कोरता येतं, लेबल नंतर चिकटवता येतं. भट्टीत जे घडलं ते नंतर बदलता येत नाही.

तीन देश, तीन काचा

काच मुळात वाळू. पण नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. लाकडावर चालणाऱ्या जुन्या भट्ट्यांत ती मिळत नसे. म्हणून वाळूत क्षार मिसळतात, त्यामुळे ती कमी उष्णतेत वितळते, आणि काच पाण्याने झिजू नये म्हणून चुना घालतात. हा क्षार कुठून आणायचा यावर युरोपातल्या काचेचा बराचसा इतिहास ठरला आहे.

व्हेनिस समुद्रावरचं व्यापारी शहर. तिथे सीरियाच्या बाजूने जहाजांतून खाऱ्या जमिनीवरच्या झुडपांची राख यायची. तिच्यात सोडा भरपूर. सोड्याची काच भट्टीबाहेर काढल्यावर बराच वेळ मऊ राहते. कारागिराला ती ओढायला, पिळायला, चिमट्याने फुलवायला सवड मिळते. १२९१ मध्ये आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सरकारने भट्ट्या शेजारच्या मुरानो बेटांवर हलवायला लावल्या आणि तेव्हापासून मुरानोची कला मुख्यतः गरम काचेवरची कला आहे. दोऱ्यासारख्या पांढऱ्या रेघा काचेच्या आत फिरवणं, एका रंगावर दुसऱ्या रंगाचा थर चढवणं, रंगीत कांड्यांचे तुकडे जोडून फुलांची नक्षी करणं, तांब्याचे कण चमकणारी अ‍ॅव्हेंच्युरिन काच, सोन्याचा वर्ख. यातलं जवळजवळ सगळं काच निवायच्या आत होतं.

बोहेमिया, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग, समुद्रापासून दूर. तिथे जंगल होतं. बीचच्या लाकडाची राख म्हणजे पोटॅश. पोटॅश आणि चुन्याची काच लवकर घट्ट होते, कडक असते आणि स्वच्छ पारदर्शक निघते. तिच्यावर गरम असताना फार खेळता येत नाही, पण थंड झाल्यावर चाकावर कापायला, कोरायला, रंगवायला ती उत्तम. सतराव्या शतकाच्या शेवटापासून बोहेमियाचं नाव झालं ते या थंड कामामुळे. खोल पैलू, कोरलेली हरणं आणि जंगलं, लाल किंवा निळा थर कापून आतली पांढरी काच उघडी करणं, वर सोनेरी वेलबुट्टी.

इंग्लंडची वाट तिसरी. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही वर्षांत तिच्यात शिशाची ऑक्साइड घालून ती पक्की केली. शिशाची काच जड, कापायला मऊ आणि लखलखीत. बोटाने टिचकी मारली की नाद लांबतो. आपण ज्याला बिलोरी म्हणतो ती झळाळी बऱ्याचदा या काचेची असते.

म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा: या फुलदाणीचं सौंदर्य गरम कामात आहे की थंड कामात? लाट, पीळ, आतले थर दिसले तर मन मुरानोच्या दिशेने वळवा. पैलू, कोरीव चित्र, मुलामा दिसला तर बोहेमियाकडे. वजन आणि नाद जास्त भरला तर शिशाच्या काचेचा विचार करा. हा फक्त कल आहे, निकाल नाही. विसाव्या शतकात कुणीही कुठलाही कच्चा माल विकत घेऊ शकत होतं आणि चेक कारागिरांनी १९४० नंतर गरम कामात फार सुंदर वस्तू केल्या. पण सुरुवात करायला हा कल चांगला आहे.

शिशाची शंका घरीच तपासता येते. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकता डिजिटल काटा घ्या. फुलदाणीला मऊ दोरीने नीट बांधून हवेत वजन करा. मग बादलीभर पाण्यात ती पूर्ण बुडवा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, तळाला टेकू देऊ नका आणि पुन्हा वजन पाहा. समजा हवेत १२५० ग्रॅम आणि पाण्यात ७५० ग्रॅम भरली. फरक ५००. १२५० ला ५०० ने भागा, उत्तर २.५. ही साधी सोड्याची किंवा पोटॅशची काच. तेवढ्याच वजनाची दुसरी फुलदाणी पाण्यात ८५० ग्रॅम भरली, तर फरक ४००, उत्तर ३.१ च्या थोडं वर. ही शिशाची. सोडा आणि पोटॅश यांतला फरक या युक्तीने कळत नाही, दोन्हींची घनता जवळपास सारखीच. आणि फुलदाणी छोटी असेल तर बॅगेचा काटा चालणार नाही, बारीक वजन दाखवणारा काटा लागेल.

बूड पालथं करून पाहा

जाणकार माणूस फुलदाणी हातात घेतल्या घेतल्या पालथी करतो. तो सही शोधत नसतो, सळईची खूण शोधत असतो.

फुंकनळीच्या टोकाला घेतलेला काचेचा गोळा फुंकून फुगवला की त्याचं तोंड नळीला चिकटलेलं असतं. तोंड मोकळं करून त्याला आकार द्यायचा तर भांडं दुसऱ्या बाजूने धरावं लागतं. म्हणून कारागीर एका लोखंडी सळईच्या टोकाला थोडी गरम काच लावून ती बुडाला चिकटवतो आणि नळी तोडतो. काम झालं की सळईही तोडतो. त्या ठिकाणी बुडाच्या मधोमध खरखरीत चट्टा उरतो. काही जण तो तसाच ठेवतात. काही तिथे चाक लावून गुळगुळीत वाटीसारखा खळगा करतात. काही संपूर्ण बूडच सपाट घासून पॉलिश करतात. चट्टा किंवा खळगा असेल तर वस्तू बहुधा हाताने घडलेली आहे असं धरा. खळगा नीट घासलेला असेल तर कारखान्याने तिच्यावर वेळ खर्च केला आहे.

मग शिवण पाहा. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची बारीक उभी रेघ काचेवर उमटते. ती बुडापासून थेट काठापर्यंत जात असेल तर बहुतेक दाबून केलेली काच आहे. काठाच्या खाली येऊन विरत असेल तर साच्यात फुंकून काठ नंतर हाताने केलेला. शिवणच नसेल तर मोकळ्या हाताने फुंकलेली, किंवा साच्यात फिरवत फुंकलेली. काठावर बोट फिरवा. आगीत पुन्हा तापवून गोल केलेला काठ मऊ लागतो, कापून घासलेला काठ सपाट आणि जरा धारदार लागतो.

झीज ही मला सगळ्यांत बोलकी वाटते. साठ-सत्तर वर्षं शोकेसच्या फळीवर सरकवलेल्या फुलदाणीच्या बुडावर, जिथे ती टेकते तेवढ्याच कडेवर, असंख्य बारीक ओरखडे असतात आणि ते सगळ्या दिशांना जातात. कुणी खोटं वय आणायला सँडपेपर मारला असेल तर ओरखडे एकाच दिशेने, समांतर, आणि टेकत नाही अशा जागीही असतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग लागेल. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर ज्या भिंगातून हिरा पाहतात तेच.

आकार एक, गावं दोन

हे सगळं एकत्र कसं वापरायचं हे एका उदाहरणावरून नीट कळतं. रुमालाची चार टोकं वर उचलून धरावीत असा आकार असलेली फुलदाणी तुम्ही पाहिली असेल. मुरानोच्या व्हेनिनी कारखान्यात फुल्व्हिओ बियांकोनी आणि पाओलो व्हेनिनी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस हा आकार काढला. तो इतका गाजला की जगभर त्याच्या नकला झाल्या. त्यांतली एक प्रसिद्ध नक्कल इंग्लंडच्या चान्स ब्रदर्स या कंपनीची.

दुरून दोन्ही सारख्या दिसतात. जवळ घेतल्यावर दोघींची कहाणी वेगळी. व्हेनिनीची फुलदाणी फुंकलेली आहे. तिच्यातल्या पांढऱ्या किंवा रंगीत रेघा काचेच्या कांड्यांच्या आहेत, त्या काचेच्या आत आहेत. उजेडासमोर धरून हळूहळू फिरवली की त्या रेघांना खोली दिसते. बुडाला हाताच्या कामाची खूण सापडते. चान्सची फुलदाणी खिडकीच्या तावदानासारख्या सपाट काचेच्या तुकड्यापासून केलेली आहे. तो तुकडा तापवून मऊ केला आणि वाकवला. नक्षी आधीच पृष्ठभागावर छापलेली असते. नख फिरवलं तर छपाई जाणवते. सगळीकडे जाडी सारखी आणि सळईची खूण नाही, कारण सळई लागलीच नाही. नाव वाचण्याआधीच, फक्त भट्टीत काय घडलं असेल याचा विचार करून, दोन देश वेगळे झाले.

मुरानोचा गोंधळ याहून मोठा आहे. जाड काच, आत लाल किंवा निळा रंग, बाहेर पारदर्शक थर, काठाची टोकं पंखांसारखी ओढलेली. अशी फुलदाणी दिसली की ‘मुरानो’ हा शब्द आपोआप तोंडात येतो. पण चेकोस्लोव्हाकियातल्या ख्रिब्स्का या गावच्या कारखान्यात योसेफ होस्पोड्का या संकल्पकाने १९५० आणि ६० च्या दशकांत नेमक्या अशाच वस्तू केल्या आणि त्या आजही मुरानोच्या म्हणून विकल्या जातात. कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये मुरानोहून स्थलांतर केलेल्या कारागिरांनी ‘शाले’ नावाने ओढलेल्या काचेची भांडी केली. जपाननेही केली. अलीकडे चीनमधून तर या शैलीचा माल प्रचंड येतो. त्यामुळे नुसत्या आकारावरून ‘मुरानो’ म्हणणं सोडून द्यावं. मुरानोच्या ज्या प्रकाराला सोम्मेर्सो म्हणतात, म्हणजे एका रंगाच्या काचेत बुडवलेला दुसरा रंग, त्यात थरांच्या सीमा स्पष्ट दिसतात. होस्पोड्काच्या बऱ्याच भांड्यांत एक रंग दुसऱ्यात हळूहळू मिसळत जातो. हा फरक उपयोगी आहे, पण खरी खात्री कारखान्याच्या जुन्या कॅटलॉगमधलं चित्र जुळल्यावरच होते.

आणि मुरानोची लेबलं? १९९४ मध्ये व्हेनेतो प्रांताने ‘व्हेत्रो आर्तिस्तिको मुरानो’ हे व्यापारचिन्ह कायद्याने सुरू केलं. ते त्यानंतरच्या वस्तूंना लागू. ‘मुरानो स्टाइल’ असं लिहिलेलं सोनेरी स्टिकर म्हणजे मुरानो नव्हे, हे सहलीला जाणाऱ्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

मोरपंखी झळाळीचा मोह

काही फुलदाण्यांवर निळी-जांभळी-सोनेरी झळाळी असते, प्रकाश बदलला की रंग बदलतो. गरम काचेवर कथिल आणि इतर धातूंच्या क्षारांची वाफ सोडून ती आणतात. या प्रकारातलं मोठं नाव लोएट्झ, बोहेमियाच्या दक्षिणेकडच्या क्लोस्टरम्यूले गावचा कारखाना. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या काचेचा मोठा गौरव झाला. त्याच काळात अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनी ‘फॅव्हरील’ नावाने झळाळीची काच करत होता आणि १९०४ पासून स्टूबेन कारखान्याचा फ्रेडरिक कार्डर ‘ऑरीन’ नावाने.

इथे एक गोष्ट उलटी आहे. लोएट्झची बहुसंख्य भांडी सहीविना आहेत, निर्यातीच्या काही मालावर ‘लोएट्झ ऑस्ट्रिया’ असं कोरलेलं आढळतं. म्हणजे सही नसणं हे तिथे साहजिक आहे आणि ठळक सही असेल तर जास्त सावध व्हावं. शिवाय क्रालिक, रिंड्स्कोप्फ, पाल्मे-कोनिग असे शेजारी कारखाने तशीच काच करत होते. अनोळखी झळाळीच्या फुलदाणीबद्दल ‘बोहेमिया, १९०० च्या आसपास’ एवढंच म्हणणं प्रामाणिक असतं. त्यात कमीपणा काही नाही. माझ्या मते तर तेच योग्य.

सही कशी तपासायची

फ्रान्सच्या नान्सी गावच्या एमिल गाल्ले याने (१८४६ ते १९०४) रंगीत थरांची काच आम्लाने खोदून फुलं, किडे, निसर्गदृश्यं उठवली. ज्या भागावर मेण किंवा डांबर लावलं तो वाचतो, बाकीचा थर हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळतो. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षं कारखान्याच्या सहीशेजारी छोटा तारा उठवला जात असे. आज बाजारात रुमानियात बनलेल्या ‘गाल्ले पद्धतीच्या’ फुलदाण्या भरपूर आहेत. त्यांवर नावाशेजारी ‘टिप’ असा शब्द उठवलेला असतो, रुमानियन भाषेत त्याचा अर्थ ‘प्रकार’. विकणारा तो शब्द घासून टाकतो आणि ‘गाल्ले’ उरतं. म्हणून नावाच्या आजूबाजूच्या जागेवर बोट फिरवा, भिंगातून पाहा. पृष्ठभाग तिथेच वेगळा लागत असेल तर काहीतरी पुसलेलं आहे.

फ्रेंच काचकार रने लालिकचा नियम सोपा आहे. त्याच्या हयातीत, म्हणजे १९४५ पर्यंत, साधारणपणे ‘आर. लालिक’ असं असे. नंतर ‘आर’ गेला आणि ‘लालिक फ्रान्स’ राहिलं. त्याची ‘बाकांत’ ही नाचणाऱ्या स्त्रियांची फुलदाणी १९२७ ची, पण ती आजही बनते. तेव्हा संकल्पना जुनी आणि वस्तू नवी असं सर्रास असतं. किंमत मात्र दोघींची आकाश-पाताळाइतकी वेगळी.

कोणत्याही कोरलेल्या सहीसाठी एक कसोटी पुरते: झीज सहीवरून गेली आहे, की सही झिजेवरून? भांडं जुनं आणि सही खरी असेल तर नंतर पडलेले ओरखडे अक्षरांना ओलांडून जातात. सही अलीकडे कोरलेली असेल तर ती जुन्या ओरखड्यांना कापत जाते, आणि यंत्राने काढलेली नवी रेघ पांढरी, भुरभुरीत दिसते.

देशाचं नाव हे तारखेचं काम करतं

आपल्या भागातल्या लोकांना हे चटकन पटेल. एखाद्या कागदावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असा शिक्का असेल तर तो कागद १९४९ ते १९६० च्या दरम्यानचा, कारण त्याआधी तो जिल्हा नव्हता आणि नंतर तो सांगली झाला. काचेवरच्या देशांच्या नावांनाही असंच वाचायचं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ म्हणजे १९१८ नंतर आणि १९९२ संपण्याआधी. ‘चेक रिपब्लिक’ म्हणजे १९९३ पासून पुढे. ‘वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०. ‘ऑक्युपाइड जपान’ म्हणजे १९४५ ते १९५२. आणि ‘ऑस्ट्रिया’ लिहिलेली जुनी फुलदाणी आजच्या चेक भूमीतली असू शकते, कारण १९१८ पर्यंत बोहेमिया ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. त्यावरून परदेशी पुस्तकांत ‘नाव नाही म्हणजे १८९१ च्या आधीचं’ असा ढोबळ नियम सांगतात. तो अमेरिकेला गेलेल्या मालापुरता. मुंबई बंदरात उतरून मिरजेला आलेल्या फुलदाणीवर तो लावू नका. आपल्याकडची कितीतरी काच १९२०-३० ची असूनही कोऱ्या बुडाची आहे.

काळा दिवा आणि त्याची मर्यादा

अतिनील किरणांचा छोटा टॉर्च आता ऑनलाइन सहज मिळतो. अंधाऱ्या खोलीत त्याच्या उजेडात काही पिवळसर-हिरवी काच गडद हिरवी पेटल्यासारखी दिसते. ती युरेनियमची काच. बोहेमियात १८३० च्या दशकात योसेफ रीडेलने ती लोकप्रिय केली, पुढे इंग्लंड, फ्रान्स, अमेरिका सगळीकडे झाली. तेव्हा हिरवा उजेड देश सांगत नाही. मँगनीज असलेली काचही मंद हिरवी दिसते, तिला युरेनियम समजू नका. आणि युरेनियमची काच आजही काही कारखाने करतात, त्यामुळे तो उजेड वयही सिद्ध करत नाही. अशी फुलदाणी शोकेसमध्ये ठेवायला घाबरायचं कारण नाही, फक्त ती घासून किंवा कापून तिची धूळ करू नये.

मग आपली काच कुठली?

‘बेल्जियम’ ही ओळख पूर्ण काल्पनिक नाही. लिएजजवळच्या सेरांग इथे १८२६ मध्ये व्हाल सां लाम्बेर हा नामांकित कारखाना सुरू झाला. पण भारतातल्या राजवाड्यांना आणि श्रीमंत घरांना काच पुरवणाऱ्यांत बर्मिंगहॅमची ओस्लर कंपनी मोठी होती, तिचं कलकत्त्यात दुकान होतं. बोहेमियाचा मालही भरपूर आला. हंड्या, झुंबरं, अत्तरदाण्या, फुलदाण्या यांतल्या रंगीत, पैलूदार, सोनेरी मुलाम्याच्या वस्तू पाहिल्या की माझा पहिला विचार बोहेमियाचा असतो, बेल्जियमचा नंतर.

आणि एक शक्यता आपण विसरतो. आपल्या दारातही काच बनत होती. तळेगावला लोकांच्या एकेक पैशातून उभा राहिलेला पैसा फंड काचकारखाना होता. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंचा कारखाना होता, त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत टांगलेला असे. ओगलेवाडीची काच मुख्यतः उपयोगाची, कलावस्तू हा तिचा धंदा नव्हता. पण हिरवट झाक, बारीक बुडबुडे, सरळ साच्याचा आकार असं साधं जुनं भांडं समोर आलं तर परदेशाचा हट्ट धरू नये. देशी काच असणं ही मला तितकीच अभिमानाची गोष्ट वाटते, आणि सातारा जिल्ह्यातल्या माणसाला तर ती जास्तच वाटावी. शिवाय फिरोजाबादच्या भट्ट्या आजही सजावटीची काच करतात आणि ती जगभर जाते.

डोळा तयार करायचा असेल तर हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं युरोपीय काचेचं दालन पाहा. व्हेनिस, बोहेमिया, फ्रान्स, इंग्लंड यांची काच शेजारी-शेजारी ठेवलेली पाहिली की पानभर वाचून जे कळत नाही ते अर्ध्या तासात कळतं. अमेरिकेतल्या कॉर्निंग काच संग्रहालयाचा संग्रह इंटरनेटवर मोफत पाहता येतो आणि कारखान्यांचे जुने कॅटलॉगही तिथे आहेत.

घरातल्या फुलदाणीची नोंद करताना पाच फोटो काढा: समोरून, काठ वरून, बूड, शिवण असेल ती जागा आणि उजेडासमोर धरून आतले थर. उंची, वजन, पाण्यातलं वजन लिहा. घरात कुणी केव्हा आणली हे आजी-आजोबांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा. मग निष्कर्ष जितका सिद्ध होतो तितकाच लिहा. ‘हाताने फुंकलेली, शिशाविना काच, बहुधा चेकोस्लोव्हाकिया, १९५० ते १९७०, कारखाना अनिश्चित’ ही नोंद ‘मुरानो’ या एका शब्दापेक्षा पुढच्या अभ्यासकाला कितीतरी उपयोगी पडते.

धुताना पाणी कोमट ठेवा. गरम पाणी एकदम ओतलं तर जाड काच तडकते. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पातळ व्हिनेगरने निघतो, पण सोनेरी मुलामा, रंगकाम किंवा झळाळी असलेल्या काचेला व्हिनेगर लावू नका. पुराचा गाळ वाळलेला असेल तर आधी भिजू द्या. कोरडा गाळ पुसला तर त्यातली वाळू काचेला घासते.

विकायचा विचार असेल तर एक कायदा माहीत असू द्या. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू पुरावशेष ठरू शकतात आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातला ग्राहक ऑनलाइन चांगली किंमत देतो म्हणून पार्सल करण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचं प्रमाणपत्र घ्या. त्या अर्जासोबतही वर सांगितलेले फोटो आणि मापं लागतील, तेव्हा ती आधीच तयार असलेली बरी.